शिष्यवृत्तीचा अर्ज भरा आणि धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ असेच लिहा!



भिवंडीला लागून असलेल्या शेलार गावात दिवसरात्र यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो. त्या मागांवर आणि आसपासच्या गोदामांत बारा-बारा तासांच्या पाळ्या करून तुम्ही मुलांना शिकविता. कोणाचा मुलगा वाणिज्य शाखेचा पदवीधर होतो, कोणाची मुलगी शास्त्र शाखेत पहिल्या वर्गात येते. तो निकाल हाती पडतो न पडतो तोच दोन प्रकारचे सल्लागार दारात उभे राहतात. पहिला म्हणतो, “पुरे झाले शिक्षण. कुठेतरी चिकटवून द्या. विलायत-अमेरिकेच्या शिष्यवृत्त्या बड्यांच्या पोरांसाठी असतात.” दुसरा त्याहून शहाणा! तो आवाज खाली आणून सांगतो, “अर्ज करायचाच असेल तर करा, पण कागदावर हिंदूच राहू द्या. बौद्ध लिहिलेत तर सवलत गेली म्हणून समजा.”

हे दोन्ही सल्ले खोटे आहेत. पहिला तुमच्या मुलाची उमेद मारतो आणि दुसरा तुमचा स्वाभिमान. नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांना हे सल्ले अधिक बाधतात, कारण त्यांच्या पाठीशी अनुभवी माणूस नसतो आणि कचेरीतल्या कारकुनाचा शब्द त्यांना कायद्याचा शब्द वाटतो. म्हणून त्या दोहोंचा समाचार येथे घ्यावयाचा आहे.

प्रथम दुसऱ्या सल्ल्याकडे पाहू. तो अगदीच निराधार असता तर इतकी वर्षे टिकला नसता. त्याच्या मुळाशी एक जुना अन्याय आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी लक्षावधी अनुयायांसह बुद्धाच्या धम्माचा स्वीकार केला. परंतु राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींविषयीचा १९५० चा आदेश हिंदूंपुरता, व पुढे शिखांपुरता, मर्यादित होता. ज्या माणसाला काल गावाने अस्पृश्य म्हणून विहिरीवरून हाकलले, तोच माणूस आज बुद्धाला शरण गेला म्हणून केंद्र सरकारच्या दृष्टीने एका रात्रीत अस्पृश्यतेच्या सर्व परिणामांतून मुक्त झाला! गावाने त्याला मुक्त केले नाही, मालकाने केले नाही. मुक्त केले ते फक्त सरकारी यादीने. महाराष्ट्र राज्य १९६० साली स्थापन झाल्यावर राज्याने आपल्यापुरत्या सवलती बौद्धांना चालू केल्या. केंद्राचे दार मात्र १९९० पर्यंत बंद राहिले. त्या वर्षी संसदेने कायदा करून त्या आदेशात हिंदू व शीख यांच्या जोडीला बौद्ध हा शब्द घातला. चौतीस वर्षे! या चौतीस वर्षांत आपल्या बापजाद्यांनी सवलतीवर पाणी सोडले, पण शिरगणतीत बौद्ध लिहिण्याचे सोडले नाही. ज्यांच्याजवळ कायद्याचे संरक्षण नव्हते त्यांनी निष्ठा राखली. आणि आज कायदा पाठीशी असताना तुम्ही कागदावर हिंदू राहावे, असा हा सल्ला आहे. त्याला काय म्हणावे?

तेव्हा कायद्याची स्थिती नीट ध्यानी घ्या. जे कुटुंब मुळात अनुसूचित जातीचे आहे, ते बौद्ध झाल्याने अनुसूचित जातीच्या हक्कांतून बाहेर पडत नाही. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती योजनेच्या नावाखालीच अनुसूचित जाती व नवबौद्ध असे शब्द छापलेले आहेत. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीतही अनुसूचित जातीचा बौद्ध उमेदवार अनुसूचित जातीचाच उमेदवार होय. जे कुटुंब मुळात अनुसूचित जातीचे नव्हते, त्याला धर्मांतराने तो दाखला मिळत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु १९९३ पासून बौद्ध हा केंद्राने अधिसूचित केलेला अल्पसंख्य समाज आहे, आणि अल्पसंख्य म्हणून जे हक्क असतील ते त्या कुटुंबाचे आहेतच.

मग अडचण कोठे येते? अडचण येते ती कागदांत. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा व जातीचा पुरावा मागतात. तुमच्यातील अनेकांचे वडील वा आजोबा मराठवाडा, खानदेश, विदर्भ येथून पोटासाठी भिवंडीच्या मागांवर आले. त्यांचा दाखला मूळ जिल्ह्यातून काढावा लागतो, भिवंडीच्या प्रांत कचेरीतून नव्हे. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरातील नोंद, कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद, वतनाचा एखादा उतारा, यांपैकी काहीतरी गावी जाऊन शोधावे लागते. त्यानंतर पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र. हे काम आठवड्याचे नाही, महिन्यांचे आहे. आणि आपण ते केव्हा करतो? शिष्यवृत्तीची जाहिरात वर्तमानपत्रात आल्यावर! ज्या जुन्या कागदावर आजोबांची जात लिहिली आहे तो कागद पुरावा म्हणून जपा. त्यात लाज नाही. पण त्या पुराव्यासाठी स्वतःचा आजचा धर्म खोटा लिहू नका. जुनी जात हा आपल्यावर झालेल्या अन्यायाचा दस्तऐवज आहे आणि धम्म हा आपण केलेला निर्णय आहे. दोन्ही सत्ये एकाच अर्जात लिहिता येतात. कायद्याने त्याची सोय केलेली आहे.

आता पहिल्या सल्ल्याकडे वळू. परदेशी शिष्यवृत्ती आपल्यासारख्यांसाठी नाही असे म्हणणाऱ्यास एवढेच विचारा की, परदेशी शिष्यवृत्ती नसती तर आपल्याला बाबासाहेब कोठून मिळाले असते?

सुभेदार रामजी २ फेब्रुवारी १९१३ रोजी वारले. पदरी पत्नी व मूल. त्याच वर्षी ४ जूनला भीमराव आंबेडकर या बावीस वर्षांच्या पदवीधराने बडोदे सरकारच्या करारावर सही केली. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षांची आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. जुलैमध्ये तो न्यूयॉर्कला पोहोचला. कोलंबिया विद्यापीठात १९१५ साली त्याने एम. ए. केले आणि ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. तेथून तो लंडनला गेला. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्ध्यावर टाकून परतावे लागले. पुढे काय झाले? बडोद्यात त्या विद्वानाला राहावयास खोली मिळाली नाही! परंतु त्याने लंडनचा नाद सोडला नाही. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसा साठविला, शाहू महाराजांचे साहाय्य व मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेतले आणि १९२० मध्ये पुन्हा बोटीवर पाय ठेवला. १९२१ साली एम. एस्सी., १९२३ साली डी. एस्सी., त्याच सुमारास बॅरिस्टरी. राज्याच्या परदेशी शिष्यवृत्तीला शाहू महाराजांचे नाव आहे, त्यामागील इतिहास हा असा आहे.

या हकिगतीत आजच्या पालकांनी ध्यानी घ्यावे असे पुष्कळ आहे. बाबासाहेबांना शिष्यवृत्ती मिळाली ती घरची स्थिती सुधारल्यावर नव्हे. ती घरचा आधार कोसळला त्या वर्षी मिळाली. ‘आधी घर सावरू, मग शिक्षण’ असे ते म्हणाले असते, तर तो काळ परत आला नसता. त्या वर्षांत परळच्या चाळीतील संसार रमाईने कसा रेटला हे तुम्ही जाणता. परदेशी शिक्षणाची किंमत घरातील स्त्रिया मोजतात, हे आपल्या इतिहासाचे पहिले पान आहे. म्हणून आता ती किंमत मोजून घरी बसण्याची पाळी पुन्हा स्त्रीवरच येऊ नये. केंद्राच्या योजनेत तीस टक्के जागा मुलींसाठी ठेवलेल्या आहेत. त्या जागांवर शेलारच्या मुलीचे नाव का नसावे? ‘पोरीला एकटी कशी पाठवू’ असे म्हणणाऱ्या पित्याने बावीस प्रतिज्ञांपैकी समतेची प्रतिज्ञा पुन्हा एकदा मोठ्याने वाचावी.

येथे कोणी म्हणेल, सरकार एवढ्या जागा देते, मग तक्रार कशाची? तक्रार आहे, आणि ती स्पष्ट शब्दांत केली पाहिजे. केंद्राची योजना १९५४-५५ पासूनची. सत्तर वर्षांनंतर तिच्या जागा किती, तर साऱ्या देशासाठी १२५. त्यांतील ११५ अनुसूचित जातींसाठी. कोट्यवधींच्या समाजाला एवढ्या जागा! राज्याच्या योजनेत ७५. आणि या थोड्या जागांनाही वेळोवेळी कुंपण घातले जाते. २०२२ साली केंद्राने नियम केला की, भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अध्ययन या विषयांसाठी ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. वाचकहो, या नियमाचा अर्थ काय होतो पाहा. बाबासाहेबांचा १९१६ चा जातिसंस्थेवरील निबंध या नियमाच्या कसोटीवर नापास झाला असता! जातीविषयी जगाच्या विद्यापीठात बसून अभ्यास करण्याचा सर्वांत मोठा अधिकार ज्याने जात भोगली त्याचा, आणि नेमका त्यालाच तो विषय वर्ज्य. एका राजाने १९१३ साली जे अडविले नाही ते एका प्रजासत्ताकाने अडवावे, ही गोष्ट शोभादायक नाही.

राज्याचीही गोष्ट पाहा. २०२४ च्या उन्हाळ्यात दहावी, बारावी आणि पदवी या सर्वांत ७५ टक्के गुण हवेत आणि रकमेवर कमाल मर्यादा राहील, अशा अटी पुढे आल्या. दहावीच्या वर्षी जो मुलगा रात्री गोदामात हमाली करून सकाळी परीक्षेला बसला, त्याला पदवीला कितीही यश मिळो, दहावीचे ते गुण त्याच्या गळ्यात कायमचे! विद्यार्थी व संघटना यांनी आवाज उठविला आणि त्या वर्षी सरकारला माघार घ्यावी लागली. २०२५ च्या जुलैमध्ये केंद्राच्या योजनेत निवडलेल्या १०६ उमेदवारांपैकी ४० जणांनाच पत्रे देण्यात आली. उरलेल्या ६६ जणांना निधी उपलब्ध झाल्यास पत्र मिळेल, असे कळविण्यात आले. विद्यापीठाचे सत्र सप्टेंबरात सुरू होणार आणि निवडलेला विद्यार्थी जुलैत पैशाची वाट पाहणार! अल्पसंख्यांसाठी परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याज भरणारी ‘पढो परदेश’ योजना २०१३ साली सुरू झाली आणि २०२२-२३ पासून बंद झाली. या सर्वांचा निषेध करावयास हवा. परंतु निषेध कोणाचा वजनदार ठरतो? ज्याने अर्ज केला आहे त्याचा. ७५ टक्क्यांची अट मागे घ्यावी लागली ती अर्जदार विद्यार्थी पुढे आले म्हणून. ज्या गावातून एकही अर्ज जात नाही, त्या गावाची तक्रार सरकारच्या दप्तरी उमटतच नाही.

सरकारी योजनांपलीकडेही दारे आहेत, आणि त्यांची नावे आपल्या घरांत माहीत असली पाहिजेत. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग, अमेरिकेची फुलब्राइट-नेहरू, ऑक्सफर्डची ऱ्होड्स, केंब्रिजची गेट्स, इनलॅक्स, राष्ट्रकुल शिष्यवृत्ती, आणि साधने नसलेल्या भारतीय विद्यार्थ्यांसाठी ऑक्सफर्ड, रेडिंग व लंडनचे सोआस येथे मिळणारी फेलिक्स. प्रत्येकीची रीत निराळी. चेव्हनिंगला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, फुलब्राइट-नेहरूच्या पदव्युत्तर शिष्यवृत्तीला तीन वर्षांचा. ऱ्होड्सचे वय लवकर उलटते. म्हणजे पदवीनंतर नोकरी धरावी लागली तरी सर्व संपले असे नाही. काही दारे त्या नोकरीमुळेच उघडतात. बुलढाणा जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेले राजू केंद्रे २०२१ साली चेव्हनिंग मिळवून सोआसला गेले, आणि त्यांनी उभारलेली एकलव्य संस्था पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांना हीच वाट दाखविते. नांदेडच्या वस्तीतून निघालेले सूरज येंगडे जोहान्सबर्गच्या विट्स विद्यापीठात डॉक्टर झाले आणि हार्वर्डपर्यंत पोहोचले. ही माणसे आकाशातून पडलेली नाहीत.

या अर्जांत मुलाला स्वतःविषयी निबंध लिहावा लागतो आणि आपली मुले येथेच फसतात. कोणी आपला जन्म लपवितो, तर कोणी दैन्याचे प्रदर्शन मांडतो. दोन्ही टाळा. आई मागावर कांड्या भरते हे सत्य आहे, ते एका वाक्यात लिहावे. त्यानंतर आपल्याला कोणता प्रश्न सोडवायचा आहे, तो त्याच विद्यापीठात का सुटेल आणि परतल्यावर आपण काय करणार, हे लिहावे. कामवारी नदीत काय मिसळते हे ज्या मुलीने डोळ्यांनी पाहिले आहे, तिला रसायनशास्त्राचा विषय शोधावयास दूर जावे लागणार नाही. मागावरच्या मजुराला मीटरवर मजुरी का मिळते आणि पगारपत्रक का मिळत नाही, हा अर्थशास्त्राचा विषय आहे. बाबासाहेबांनी १९१६ च्या निबंधात स्वतःचे दुःख सांगितले नाही. त्यांनी एक सिद्धान्त मांडला आणि जगाला तो ऐकावा लागला.

आणखी एक आक्षेप उरतो व तो वडीलधारी माणसे प्रामाणिकपणे घेतात. ते म्हणतात, “गेलेला पोरगा परत येत नाही. साहेब होतो आणि समाजाला विसरतो.” हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत शिकलेल्या लोकांविषयी खुद्द बाबासाहेबांनी खंत व्यक्त केली होती. परंतु त्या खंतीनंतर त्यांनी आपली महाविद्यालये बंद केली काय? १९४६ चे सिद्धार्थ आणि १९५० चे मिलिंद ही दोन्ही चालूच राहिली. शिकून विसरणाऱ्यावर उपाय शिक्षण थांबविणे हा नव्हे; त्याला बांधून ठेवणारा समाज उभा करणे हा आहे. आपण मुलाला निरोप देताना हार घालतो, छायाचित्र काढतो, आणि नंतर त्याला वर्षभर पत्रही पाठवीत नाही. मग तो विसरला याचा सारा दोष त्याचाच कसा? जाणाऱ्याने विहारात सर्वांसमोर शब्द द्यावा की पुढील दोघांचे अर्ज मी तपासीन. आणि समाजाने दरवर्षी त्याच्याकडून तो शब्द मागून घ्यावा.

आता शेवटी आपल्या स्वतःच्या खिशाचा प्रश्न. मुलाचा पारपत्राचा खर्च १,५०० रुपये. इंग्रजीच्या परीक्षेचे शुल्क पंधरा हजारांहून अधिक. विद्यापीठांच्या अर्जांचे शुल्क निराळे. एका मागकामगाराच्या घराला ही रक्कम जड आहे हे कोणीही मान्य करील. परंतु १४ एप्रिलच्या मिरवणुकीत एका रात्रीच्या ध्वनिक्षेपकांवर जी रक्कम उडते, तीत अशा किती मुलांची परीक्षा निघाली असती? जयंती साजरी करू नका असे कोणी म्हणत नाही. परंतु ज्याने साडेअकरा पौंडांत पुस्तके घेता यावीत म्हणून पोटाला चिमटा घेतला, त्याच्या नावाने आपण नुसताच आवाज करावा आणि त्याच्या वाटेने जाणाऱ्या पोराला परीक्षेचे शुल्क नाही म्हणून घरी बसवावे, हे त्याचे स्मरण नव्हे.

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक विहाराने जयंतीच्या वर्गणीचा एक ठरावीक भाग अर्जनिधी म्हणून वेगळा काढावा आणि त्याचा हिशेब फळ्यावर लावावा. मूल बारावीत गेले की त्याच वर्षी जातीचा दाखला व वैधता प्रमाणपत्र यांच्या मागे लागावे. पदवीच्या दुसऱ्या वर्षी पारपत्र काढून ठेवावे. सरकारी योजनांना उत्पन्नाचा दाखला लागतो व केंद्राच्या योजनेची कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाखांची आहे. ज्यांना रोख मजुरी मिळते त्यांनी तहसील कचेरीचा दाखला दरवर्षी वेळेवर घ्यावा. केंद्राच्या योजनेस पदवीला ६० टक्के गुण आणि जगातील पहिल्या ५०० विद्यापीठांपैकी एकाचे विनाअट प्रवेशपत्र लागते. याचा अर्थ शिष्यवृत्तीच्या आधी प्रवेश मिळवावा लागतो, आणि अमेरिकेतील पुष्कळ विद्यापीठांची मुदत आदल्या डिसेंबरातच संपते. तेव्हा तयारी दीड ते दोन वर्षे आधी सुरू झाली पाहिजे. शिक्षकांकडून शिफारसपत्र मागताना संकोच करू नका. ते मागणे हा विद्यार्थ्याचा अधिकार आहे. आणि आठवड्यातून एक संध्याकाळ, वंदना झाल्यावर, विहारातच एखाद्या शिकलेल्या तरुणाने मुलांचे अर्ज वाचून दुरुस्त करावेत.

एका अर्जाने शिष्यवृत्ती मिळेल असे वचन कोणीच देऊ शकत नाही. पहिला अर्ज नापास होईल, कदाचित दुसराही होईल. पण शेलारमधून दहा अर्ज गेले तर पुढील दहा मुलांना वाट माहीत होईल, कचेरीतल्या कारकुनाला कायदा माहीत होईल, आणि निधी नाही म्हणणाऱ्या सरकारला उत्तर द्यावे लागेल. आपण धर्म बदलला तो कोणाच्या परवानगीने नव्हे. मग शिकण्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहता?

तेव्हा अर्ज मागवा, लेखणी घ्या, आणि धर्म या शब्दापुढील जागेत स्वच्छ अक्षरांत बौद्ध असे लिहा.

जय भीम! नमो बुद्धाय!